डाक दिल्यावर सोने काळे पडते आणि लिंबाच्या पाण्यातून काढल्यावर तांबूस दिसते, यात नेमके काय चुकते?

खानापूरची हौशी

सर्व जाणकारांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहते आणि गेल्या दिवाळीपासून घराच्या पडवीत, केवळ हौस म्हणून, लहानसहान दागिने घडवण्याचा प्रयत्न करीत आहे. आरंभीचे चार महिने मी फक्त तांब्याच्या तारेवर हात बसवला. आता आजीच्या मोडक्या फुलांचे आणि एका तुटक्या साखळीचे सोने वापरून कुड्यांची एक जोडी करायला घेतली आहे. सोने जुने असल्यामुळे त्यावर कोणताही शिक्का नाही. घरात सगळे ते बावीस कॅरेटचे आहे असे म्हणतात.

अडचण अशी की, गॅसच्या छोट्या टॉर्चने डाक दिल्यानंतर, म्हणजे लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूने सांधा जोडल्यानंतर, सांध्याच्या आसपास सोने काळपट आणि राखाडी होते. सुरुवातीला मी ते बारीक पॉलिश पेपरने घासून काढले. पण पुढचा डाक देताना तितकाच काळेपणा पुन्हा आला आणि दोन वेळा घासल्यावर वजन 4.12 ग्रॅमवरून 4.05 ग्रॅमवर आले. त्यानंतर घासणे सोडून, तांब्याच्या कड्या ज्यात स्वच्छ करीत होते त्याच लिंबू-मिठाच्या पाण्यात कुड्या टाकून ते स्टीलच्या वाटीत गरम केले. काळेपणा गेला खरा, परंतु नेहमीच्या लोखंडी चिमट्याने कुड्या बाहेर काढल्या तेव्हा त्यांचा रंग जुन्या तांब्याच्या कळशीसारखा गुलाबी दिसत होता.

माझे सोने हिणकस आहे का? घरी सल्फ्युरिक आम्ल आणण्याची माझी तयारी नाही, कारण घरात दोन लहान मुले आहेत. त्यावाचून हे काम नीट होऊ शकते का, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

शहापूरचा सोनार

ताई, प्रथम मनातील शंका दूर करा. शुद्ध सोने हवेत तापवले तरी काळे पडत नाही, ते वितळेपर्यंत म्हणजे 1064 अंश सेल्सिअसपर्यंत नेले तरी पडत नाही. काळे पडते ते त्यातील हीण. बावीस कॅरेटच्या हजार भागांत 916 भाग सोने असते आणि उरलेल्या 84 भागांत तांबे व चांदी असते. अठरा कॅरेटमध्ये हेच हीण 250 भागांपर्यंत जाते. तापलेल्या पृष्ठभागावरचे तांबे हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि त्याचा काळा थर बसतो. म्हणून काळेपणा दिसला एवढ्यावरून सोने खोटे ठरत नाही, मात्र त्यात तांबे आहे एवढे निश्चित ठरते. सांध्याजवळ तो अधिक दिसतो, कारण डाकात बहुधा मूळ सोन्यापेक्षा हीण जास्त असते. त्यामुळेच तो आधी वितळतो. शिवाय जुन्या साखळीच्या प्रत्येक कडीत पूर्वीच्या सोनाराचा डाक असतो, त्यामुळे अशी मोड एकत्र आटवली की कस थोडा उतरतोच. खात्रीच करायची असेल तर हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्यावे. तेथे सामान्य ग्राहकाचा दागिनाही शुल्क घेऊन तपासतात.

आता गुलाबी रंगाकडे येऊ. तुमच्या प्रश्नातच त्याचे उत्तर आहे. ज्या पाण्यात तुम्ही चार महिने तांबे धुतले, त्याच पाण्यात सोने टाकले आणि वर लोखंडी चिमटा बुडवला. आमच्या दुकानात शिकाऊ मुलाला ऐरणीला हात लावू देण्याआधी शिकवली जाणारी गोष्ट म्हणजे, धुण्याच्या आम्लात लोखंड घालू नये. एकदा असा चिमटा पडला की त्या पाण्यातील तांबे सुटून दागिन्यावर मुलामा चढल्यासारखे बसते. तांब्याचा, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरावा. तो नसेल तर तांब्याच्या तारेला आकडा करून त्यात दागिना अडकवून सोडावा. लोखंडी तारेने बांधून डाक दिला असेल तर ती तार आधी पूर्ण सोडवून घ्यावी, तिचा तुकडासुद्धा राहू नये.

पॉलिश पेपरने घासण्याची घाई मात्र पुन्हा करू नये. तुमचे 70 मिलिग्रॅम जे गेले ते काळेपण नव्हते, ते सोने होते. काळा थर इतका पातळ असतो की तुमच्या काट्यावर तो दिसणारसुद्धा नाही. पेपरवर जमलेला कीस झटकून टाकला नसेल तर तो पेपर जपून ठेवा. आमच्याकडे दुकानातील केरसुद्धा, त्यातून सोन्याचे कण धुऊन काढणाऱ्या झारेकऱ्याला विकला जातो, तो फुकट नेत नाही.

पुढच्या डाकाच्या वेळी काळेपणा मुळातच कमी यावा यासाठी एक सोपी तजवीज आहे. औषधाच्या दुकानातील बोरिक पावडर स्पिरिटमध्ये दाट ढवळावी, दागिना त्यात बुडवून बाहेर काढावा, स्पिरिटची बाटली झाकण लावून दूर नेऊन ठेवावी आणि मगच दागिन्यावर ज्योत लावावी. स्पिरिट हिरव्या ज्योतीने जळून जाते आणि दागिन्यावर पांढरी पूड राहते, ती तापल्यावर काचेसारखी पसरून हवा आत येऊ देत नाही. बाटली उघडी ठेवून टॉर्च पेटवण्याची चूक पडवीतच काय, कोठेही करू नये. सांध्यावर मात्र नेहमीप्रमाणे टाकणखारच (बोरॅक्स) लावावा. बैलहोंगलकडच्या दुकानात टाकणखार म्हणून कळले नाही तर बिळिगार म्हणून मागावा, लगेच मिळतो.

ज्योतीकडेही लक्ष द्यावे. फुसफुसणाऱ्या टोकदार निळ्या ज्योतीत हवा जास्त असते आणि तिच्याने सोने लवकर काळवंडते. हवा थोडी कमी करून ज्योत मऊ आणि भरगच्च केली, आणि डाक वाहिल्याबरोबर ती बाजूला घेतली, तर निम्मे काम तिथेच होते. नवशिक्याचा हात डाक वाहिल्यानंतरही दोन-चार सेकंद तेथेच रेंगाळतो, असा माझा अनुभव आहे.

धुण्यासाठी माझ्या वडिलांच्या हाताखाली आम्ही चिंच आणि तुरटी वापरत होतो. चिनी मातीच्या भांड्यात तुरटीचे दाट पाणी उकळत ठेवायचे, दागिना त्यात अर्धा तास सोडायचा, मग रिठ्याच्या पाण्यात मऊ पितळी ब्रशने घासायचा. ब्रश कोरडा कधीही चालवू नये, कोरड्या ब्रशचे पितळ सोन्याला लागते. घरात मुले असतील तर आजही मी तुरटीच सुचवीन.

निपाणीचा निवृत्त शिक्षक

वरील उत्तर अनुभवाचे आहे आणि त्यातील प्रत्येक सूचना पाळण्याजोगी आहे. मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले, म्हणून त्यामागची कारणे मांडतो आणि एका ठिकाणी थोडी भर घालतो.

दहावीच्या वर्गात मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवण्याचा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. खिळ्यावर तांबे बसते आणि द्रावणाची निळाई फिकी होत जाते, कारण लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे स्वतः द्रावणात उतरते आणि तांब्याला बाहेर ढकलते. ताईंच्या वाटीत हाच प्रयोग घडला, फरक इतकाच की लोखंडी चिमटा सोन्याला टेकलेला होता. अशा वेळी दोन धातू आणि आम्ल मिळून एक लहानसा विद्युतघट तयार होतो आणि तांबे लोखंडाबरोबरच सोन्यावरही बसते. स्टीलची वाटीही या कामाला भरवशाची नाही. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे घ्यावे, आणि ॲल्युमिनियमचे तर मुळीच घेऊ नये, कारण आम्ल त्यालाच खाते.

भर घालायची ती अशी की, चिमटा काढून टाकल्यावरही किंचित गुलाबी छटा येऊ शकते. तांब्याची ऑक्साइडे दोन आहेत. काळे ऑक्साइड आम्लात पूर्णपणे विरघळते. लाल ऑक्साइड मात्र आम्लात गेले की त्यातील निम्मे तांबे विरघळते आणि उरलेले निम्मे धातूच्या रूपात पृष्ठभागावर राहते. थराच्या आतल्या बाजूला, जेथे हवा कमी पोहोचते, तेथे हेच लाल ऑक्साइड असते. म्हणून अधिक हीण असलेल्या सोन्यावर नवशिक्याला वाटते की आम्लाने काम बिघडवले. वस्तुतः आम्ल आपले काम करूनच थांबलेले असते, कारण धातूच्या रूपातील तांबे सौम्य आम्लाला दाद देत नाही.

ते तांबे काढण्याचा उपाय हायड्रोजन पेरॉक्साइड हा आहे. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळते ते घ्यावे. ते सहा टक्क्यांचे असेल तर समभाग पाणी मिसळून तीन टक्क्यांचे करावे. लिंबूसत्त्वाच्या (सायट्रिक आम्लाच्या) ताज्या कोमट द्रावणात त्याची थोडी मात्रा घातली की पेरॉक्साइड तांब्याचे पुन्हा ऑक्साइड करते आणि आम्ल ते लगेच विरघळवते. गुलाबी थर पातळ असतो, त्यामुळे बहुधा काही मिनिटांत सोने उघडे पडते. येथे मीठ मुळीच नको, हे मी आवर्जून सांगतो. मीठ, आम्ल आणि पेरॉक्साइड एकत्र आले की क्लोरीनच्या संगतीने सोनेही थोडे विरघळू शकते. राजाम्ल, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण, सोने विरघळवते ते याच जातीच्या क्रियेने. त्याच कारणासाठी नायट्रिक आम्लाच्या भांड्यात मीठ कधीही पडू देऊ नये. पेरॉक्साइड घातलेले मिश्रण झाकणबंद बाटलीत साठवू नये, त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटते.

नेहमीच्या धुण्यासाठी प्रमाण सांगतो: एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्त्व. किराणा दुकानात ते साखरेसारख्या खड्यांच्या रूपात मिळते. द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम असावे, उकळू नये. दहा ते वीस मिनिटांत काळेपणा उतरतो. थंड द्रावणातही उतरतो, पण रात्रभर ठेवावे लागते.

सल्फ्युरिक आम्लाबद्दल ताईंचा निर्णय योग्य आहे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातल्यापासून दुकानदाराने ओळखपत्र पाहून नोंद ठेवणे आवश्यक आहे, आणि ते गैरसोयीचे असले तरी कारण रास्त आहे. ज्यांना ते वापरावेच लागते त्यांनी दहा भाग पाण्यात एक भाग आम्ल, सावकाश, थेंबाथेंबाने घालावे. आम्लात पाणी घातले तर ते उकळून अंगावर उडते. शिवाय तापलेला लाल दागिना कोणत्याही धुण्याच्या द्रावणात थेट टाकू नये. तो आधी साध्या पाण्यात विझवावा आणि मग द्रावणात सोडावा.

टिळकवाडीकर

शहापूरच्या काकांचा अनुभव माझ्यापेक्षा फार मोठा आहे, परंतु चिंचेच्या बाबतीत मला नम्रपणे वेगळे मत मांडायचे आहे. चिंच नवी आहे की जुनी, कोळ दाट आहे की पातळ, यावर तिची ताकद बदलते, आणि नक्षीच्या खाचांत अडकलेला तिचा गाळ काढण्यातच अर्धा तास जातो. लिंबूसत्त्व मोजून घालता येते, त्यामुळे प्रत्येक वेळी परिणाम सारखाच मिळतो. घरच्या घरी शिकणाऱ्या माणसाला हा सारखेपणा फार उपयोगी असतो, कारण चूक झाली तर ती द्रावणाची की हाताची हे कळते.

मूळ प्रश्नात न आलेली, पण मला अधिक महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट डाकाविषयी आहे. ताईंनी डाक कोठून आणला हे लिहिलेले नाही. केडीएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डाकात कॅडमियम असते. ते सुमारे 767 अंशांना उकळते आणि त्याचा धूर श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना गंभीर इजा करतो. हा धोका काळेपणापेक्षा कितीतरी मोठा आहे. लहान मुले असलेल्या घराच्या पडवीत असा डाक वापरू नये. कॅडमियमविरहित डाक आहे ना, हे विकत घेताना स्पष्ट विचारून घ्यावे.

अथणीकर

आमच्याकडे द्राक्षाच्या बागा आहेत आणि बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे बुरशीवरच्या फवारणीसाठी, मोरचूद घरात पोत्याने असतो. वरील चर्चा वाचून विचारावेसे वाटले: धुण्याचे पाणी निळसर झाले म्हणजे त्यात तांब्याचे क्षारच असणार, मग ते वेलींवर फवारले तर चालेल का? दुसरे असे की, आईची मोत्यांची नथ आणि बोरमाळ काळपट झाली आहे. ती या द्रावणात टाकू का?

निपाणीचा निवृत्त शिक्षक

फवारू नये. बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना मोजून घेतलेले असतात. येथे तांबे किती, आम्ल किती, याचा हिशेब नाही, आणि आम्लाने कोवळी पाने भाजतील. निळे झालेले पाणी विहिरीजवळ, गटारात किंवा परसबागेतही ओतू नये. त्यात खाण्याचा सोडा चिमूट-चिमूट घालत जावा. फेस येणे थांबले की आम्ल मेले. मग ते पसरट भांड्यात उन्हात आटू द्यावे आणि उरलेली हिरवी साय कागदात बांधून घातक कचऱ्यात द्यावी. एवढ्याशा घरकामात वर्षाकाठी मूठभरही साय जमत नाही.

शहापूरचा सोनार

नथ टाकू नका. मोती आणि पोवळे चुन्याच्या जातीचे असल्यामुळे आम्लात त्यांचे पाणी उतरते आणि ते पुन्हा येत नाही. बोरमाळेच्या मण्यांत पोटी लाख भरलेली असते. गरम द्रावणात लाख मऊ होते, मण्याच्या भोकातून आम्ल आत शिरते आणि महिनोन्‌महिने आतच राहते. जुन्या ठुशीचेही हेच. आणि मुळात अंगावर वापरून आलेला काळपटपणा हा तापवण्याने येणाऱ्या काळेपणाहून निराळा असतो. घाम, केसांचा रंग आणि हवेतील गंधक यांनी डाकातील चांदी-तांब्यावर तो बसतो आणि आम्लाने नीट उतरत नाही. कोमट पाणी, रिठा, मऊ ब्रश आणि दोरा ओला राहू नये एवढी काळजी, यापलीकडे नथीला आणि बोरमाळेला काही करू नये. एवढ्याने भागले नाही तर मणी सोडवून पुन्हा ओवणाऱ्या पटवेकऱ्याकडे आणि मग सोनाराकडे द्यावी.

टिळकवाडीकरांचे चिंचेबाबतचे म्हणणे मला मान्य आहे. आमच्या काळी लिंबूसत्त्व मोजून घालण्याइतका सुबत्तेचा विचार नव्हता, चिंच परसात होती. तुरटी मात्र मी सोडणार नाही. आणि ताई, एक राहिले: सांध्याजवळ काळपट, काचेसारखे कठीण डाग दिसत असतील तर ते जळलेला टाकणखार असू शकतात. नखाला खरखरीत लागले तर तो टाकणखारच समजावा. ते डाग घासायला जाऊ नका, गरम द्रावणात अधिक वेळ ठेवा, आपोआप सुटतील.

खानापूरची हौशी

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे जुने लिंबू-मिठाचे पाणी सोडा घालून आटवायला ठेवले. नवे लिंबूसत्त्व आणले, लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी या कामासाठी कायमची बाजूला काढली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत «खाण्याचे नाही» असे मराठीत आणि कन्नडमध्येही लिहिले, कारण कामाला येणाऱ्या मावशी कन्नड वाचतात. चिमट्याऐवजी तांब्याच्या तारेचा आकडा केला.

पेरॉक्साइड घातलेल्या कोमट द्रावणात गुलाबी रंग साधारण सहा-सात मिनिटांत गेला. खालचे सोने मात्र चकचकीत नव्हते, मंद, पिवळ्या पिठासारखे दिसत होते. क्षणभर मला वाटले पुन्हा काही बिघडले, पण रिठ्याच्या पाण्यात ब्रश फिरवल्यावर त्याला ओप आला. सांध्यावरचे दोन काळे ठिपके तसेच राहिले. नखाला ते खरखरीत लागले, म्हणजे ते टाकणखाराचेच होते, आणि दुसऱ्या वेळी चाळीस मिनिटे ठेवल्यावर निघाले. वजन आधी 4.05 होते, नंतरही 4.05 आहे.

डाकाच्या पुडीवर काहीच लिहिलेले नव्हते. दुकानात फोन करून विचारले तेव्हा त्यांनी तो केडीएमच असल्याचे सांगितले. उरलेली पुडी परत केली आहे, आणि दुसऱ्या कुडीची दांडी कॅडमियमविरहित डाक हाती येईपर्यंत तशीच ठेवली आहे.

शहापूरचा सोनार

ते पिठासारखे दिसणे बरोबर आहे, ताई. वरच्या थरातील तांबे निघून गेले की पृष्ठभागावर जवळजवळ शुद्ध सोनेच उरते, आणि ते सच्छिद्र असल्यामुळे मंद दिसते. ब्रशने ते दाबले जाऊन चमकते. पूर्वी कमी कसाच्या सोन्याला वरून उंची रंग आणण्यासाठी हेच तापवणे आणि धुणे मुद्दाम पुन्हा पुन्हा करीत. तुम्ही तसे करू नका, तो थर फार पातळ असतो आणि वापरात निघून जातो. दांडीचा डाक देताना आधीचा सांधा सुटू नये म्हणून त्यावर काव (गेरूसारखी तांबडी माती) आणि पाण्याचा लेप द्यावा.